बीपीटीएचनंतर काय: इथलं एमपीटीएच की इंग्लंडची एमएस्सी?

बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, एमपीटीएच म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी. बीपीटीएचच्या इंटर्नशिपचे सहा महिने संपत आले की हा प्रश्न घराघरात येतो, आणि तुलना सुरू होते ती फीची. माझ्या मते आधी बघायचं ते वेगळंच: शिकून झाल्यावर तुम्हाला रुग्ण तपासायची परवानगी कुठे मिळणार?

इंग्लंडमध्ये एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. कायद्यानेच बंदी आहे. तिथली दोन वर्षांची 'प्री-रजिस्ट्रेशन' एमएस्सी केली की नोंदणीला पात्र होता येतं, पण ती मुळात दुसऱ्या विषयांच्या पदवीधरांसाठी आखलेली. बीपीटीएच झालेल्यांसाठी असते ती बहुधा एका वर्षाची 'ॲडव्हान्स्ड' एमएस्सी. संशोधनाची शिस्त लावून घ्यायला ती चांगलीच. मात्र तिने नोंदणी आपोआप मिळत नाही. त्यासाठी एचसीपीसी तुमचा बीपीटीएचचा अभ्यासक्रम आणि कामाचा अनुभव तपासते, आणि हा अर्ज भारतात बसूनही करता येतो. इंग्रजीच्या पुराव्यासाठी आयईएलटीएस देणार असाल तर एकूण ७ हवेत, कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नकोत. तिथे नोकरी एवढंच ध्येय असेल, तर आईवडिलांना घर तारण ठेवायला लावण्याआधी हा अर्ज करून बघा. मुलांना हे वेळेवर कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इथलं एमपीटीएच दोन वर्षांचं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी सेलची पीजी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मस्क्युलोस्केलेटल, न्यूरो, कार्डिओरेस्पिरेटरी, कम्युनिटी यांतली शाखा प्रवेशाच्या वेळीच ठरते, आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), डेझर्टेशन (प्रबंध), गाइडच्या तारखा यांत दिवस भुर्रकन जातात. पण मुंबईतल्या केईएम किंवा नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयात जे रुग्ण बघायला मिळतात, त्याला तोड नाही. पक्षाघाताचा रुग्ण आयसीयूत असल्यापासून स्वतःच्या पायांनी ओपीडीत येईपर्यंत तुमच्या हाताखाली असतो. एका वर्षाच्या एमएस्सीत इतकं क्लिनिकल काम सहसा नसतं. शिवाय फिजिओथेरपी कॉलेजात लेक्चरर व्हायचं तर एमपीटीएच लागतंच.

सगळी कॉलेजं अशी नाहीत. काही खासगी कॉलेजांच्या रुग्णालयांत वॉर्ड ओस असतात. तिथे लाखो रुपये भरण्यापेक्षा वर्षभर नोकरी करून पुन्हा सीईटी देणं मला जास्त पटतं. कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी सकाळी दहाच्या सुमारास त्या कॉलेजच्या ओपीडीत जाऊन बसा, रुग्ण किती येतात ते बघा. सध्या शिकणाऱ्या सीनियरना विचारा, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात आणि रुग्णाच्या खाटेशी उभं राहून कोण शिकवतं.