मसाले कुणाकडून घ्यावेत: पाकीट, बरणी आणि सुटा माल यांची पारख

मसाला घेताना नजर आधी रंगावर जाते, आणि भेसळ करणाऱ्याला सगळ्यात सोपं काय असेल तर रंग चढवणं. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये १,८८५ नमुन्यांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ओरेगॅनोच्या (पिझ्झावर घालतात ती सुकी पानं) ४८ टक्के नमुन्यांत भेसळीचा संशय निघाला, काळ्या मिरीच्या १७, जिऱ्याच्या १४ आणि हळदीच्या ११ टक्के. ओरेगॅनो एवढा वर का? कारण तो चुरा करूनच विकला जातो, आणि चुऱ्यात ऑलिव्हची पानं मिसळली तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून पहिली शिफारस अगदी स्पष्ट: जे अख्खं मिळतं ते अख्खंच घ्या.

पूड घेण्यात दुसरा तोटा वासाचा. दळल्यावर आतलं सुगंधी तेल उघडं पडतं आणि उडायला लागतं. अख्खी मिरी किंवा लवंग नीट झाकून ठेवली तर दोन-तीन वर्षं कामाची राहते, पुडीचा दम साधारण सहा महिन्यांत उतरतो. घरी दळताना मिक्सर सलग चालवू नका. भांडं तापलं की तेल तिथेच उडतं. पाच-सात सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा.

अख्ख्या मालातही हलका-भारी असतोच. काळी मिरी व्यापारात लिटरच्या वजनावर तोलतात, आणि तीच कसोटी घरी सहज लावता येते. १०० मिलीचं माप दाण्यांनी सपाट भरा आणि वजन करा. ५५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर माल पक्व आणि भरीव. ५० च्या खाली गेलं तर त्यात कोवळे, पोकळ दाणे जास्त. मिरीत पपईचं बी मिसळतात आणि ते पाण्यात तरंगतं, पण तरंगणारा प्रत्येक दाणा पपईचं बी नसतो, पोकळ मिरीही तरंगते. तरंगलेले दाणे फोडून बघावेत. पपईचं बी लांबट, हिरवट-तपकिरी असतं आणि दाताखाली मिरीचा तिखटपणा येत नाही.

लवंग तर जवळून बघण्यासारखीच आहे. चांगल्या लवंगेला वर गोल कळी शाबूत असते, देठ भरलेला असतो, आणि कळीखाली नख रुतवलं की नखावर तेलाचा ओलसर डाग उमटतो. लवंगेत १५ ते २० टक्के तेल असतं आणि तेच काढून घेतलेली लवंग पुन्हा बाजारात येते. ती सुरकुतलेली, हलकी, कोरडी लागते. पाण्यात चांगली लवंग बुडते किंवा देठ खाली करून उभी राहते, तेल काढलेली आडवी तरंगते. पाकिटात गळालेल्या कळ्या आणि नुसते देठ फार दिसले तर ते परत करा.

दालचिनीच्या बाबतीत प्रश्न भेसळीपेक्षा नावाचा आहे. या एका नावाखाली दोन वेगळ्या साली विकल्या जातात. कॅशियाची साल जाड, कडक, एकाच थराची असते. सिलोन दालचिनीत कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले असतात आणि बोटांनी चुरतात. फरक चवीपुरता नाही. कॅशियात कुमारिन हा जास्त प्रमाणात यकृताला बाधू शकणारा घटक जास्त असतो, आणि युरोपात ठरवलेली सुरक्षित मर्यादा दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाची ती रोजच्या सुमारे दोन ग्रॅम कॅशियात गाठली जाते. अधूनमधून वापरणाऱ्याने काळजी करू नये, रोज चमचाभर घेणाऱ्याने मात्र सिलोनच घ्यावी. जो विक्रेता दोन्हींना नुसतं 'दालचिनी' म्हणतो, त्याचं बाकीचं लेबलही दोनदा वाचावं.

आता पाण्याच्या चाचणीबद्दल, कारण तिच्यावर फार विसंबलं जातं. ग्लासभर पाण्यात तिखट किंवा हळद टाकून रंग सुटतो का ते बघायचं. विटेची भुकटी खाली बसते आणि चोळल्यावर कचकचते, पाण्यात विरघळणारा रंगही दिसतो. पण खरे धोकादायक पदार्थ यात सापडत नाहीत. तिखटात मिसळला जाणारा सुदान नावाचा औद्योगिक रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा तिखटामुळे शेकडो खाद्यपदार्थ परत मागवावे लागले. हळदीला चमक आणणारं लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रसायनही पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यातलं शिसं फक्त प्रयोगशाळाच मोजू शकते. म्हणजे घरच्या चाचणीत माल पास झाला तरी तो शुद्ध ठरत नाही, आणि इथेच विक्रेता कोण आहे याला महत्त्व येतं.

त्याला चार गोष्टी विचाराव्यात. पीक कोणत्या हंगामाचं? दळलं कधी? ('पॅकिंगची तारीख' हे याचं उत्तर नव्हे, वर्षभर पोत्यात पडलेली पूडही आज पॅक होऊ शकते.) जंतू मारायला वाफ वापरली की इथिलीन ऑक्साइड? युरोपात अन्नासाठी या वायूला बंदी आहे. आणि तपासणीचा अहवाल दाखवता का? अहवाल मिळाला की लॉट क्रमांक (एका वेळी तयार झालेल्या मालाला दिलेला क्रमांक) पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळवा. एकच जुना अहवाल सगळ्या मालासाठी पुढे करणारे बरेच असतात. हळदीच्या अहवालात शिसं, मिरची आणि जायफळाच्या अहवालात अफ्लाटॉक्सिन हवंच. हे बुरशीचं विष शिजवून जात नाही.

पॅकिंगमध्ये सगळ्यात चांगलं ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट. झिपच्या खाचेत पूड अडकली की झिप नीट बसत नाही, खाच पुसून मगच बंद करा. पारदर्शक काचेची बरणी देखणी, पण उजेडात हळदीचा रंग फिका पडतो, आणि भोकांचं झाकण वाफाळत्या पातेल्यावर उपडं केलं की आत ओल शिरून गाठी होतात. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतला सुटा माल सगळ्यात मागे, कारण शेजारच्या मसाल्याचा वास त्यात उतरतो आणि लॉट क्रमांकही नसतो.

नव्या विक्रेत्याकडून आधी शंभर-शंभर ग्रॅम मिरी, लवंग आणि जिरं मागवावं. मिरी मापून बघावी, लवंगेला नख लावावं, जिरं तळहातावर चोळावं: हात काळा झाला तर कोळसा लावलेलं गवताचं बी आहे. माल कसोटीला उतरला तरी लगेच किलोने घेऊ नये. दुसरा लॉट येईपर्यंत थांबून पुन्हा तेवढंच मागवावं आणि दोन्ही शेजारी ठेवून हुंगावं. पहिला माल चांगला देणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्या लॉटला वजन आणि वास तसाच टिकवणारे थोडे.