खोकडाच्या बिळासमोर: ट्रॅप कॅमेरा की लपण?

पहिला वन्यजीव माहितीपट करायला निघालेले मित्र हल्ली एकच विचारतात: ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप चित्रण करणारा कॅमेरा, लावून घरी यावं, की लपणात, म्हणजे गोणपाटाच्या आडोशात, स्वतः बसावं? इंदापूरकडच्या माळावर खोकडाच्या बिळासाठी मी दोन्ही करून पाहिलं. तेवढ्याच अनुभवावर बोलतोय. दाट जंगलात बिबट्यासाठी हिशेब वेगळा लागेल.

रात्री ट्रॅपला तोड नाही, हे आधीच कबूल. खोकड बहुतेक अंधारातच हिंडतं, आणि अंधारात लपणात बसून मला फक्त डास भेटले. माणसाचा वावर कमी, म्हणून बिळाला त्रासही कमी. चोरीची धास्ती असते, पण मेंढपाळांशी ओळख ठेवली की ती बरीच निवते.

मला छळलं ते गवताने. ट्रॅपचा सेन्सर हलणारी उष्णता हेरतो. एप्रिलच्या उन्हात तापलेलं कुसळी गवत वाऱ्यावर डोललं, की त्याला वाटतं कुणीतरी आलं. एकदा कार्ड काढून पाहिलं तर शेकडो क्लिपा, सगळ्यांत गवत! संध्याकाळी पिल्लं बाहेर यायच्या वेळेला कार्ड भरून गेलेलं. गवत उपटावं तर बिळाचा आडोसा जातो, ते काही मनाला पटेना. बरं, जमीनच प्राण्याच्या अंगाएवढी तापली, तर समोरून खोकड गेलं तरी सेन्सर ढिम्म. जागा झालाच, तर रेकॉर्डिंग सुरू होईतो पिल्लू पुढे गेलेलं असतं. माझ्याकडे शेपट्यांचा उत्तम संग्रह आहे.

लपणाचे हाल वेगळे. उजाडायच्या आत शिरायचं, दहापर्यंत हलायचं नाही, लघवीला बाटली. माळावरची टिटवी तर पहारेकरीच. तिने ओरडा केला की सगळा माळ सावध. यावर जुनी युक्ती आहे: दोघांनी लपणात जायचं आणि एकाने उघडपणे परत फिरायचं. टिटवीला बेरीज-वजाबाकी जमत नसावी, कारण थोड्या वेळाने ती गप्प व्हायची.

मग जे मिळतं ते ट्रॅप देत नाही. आई बिळातून डोकं काढून वारा हुंगते, तिकडे कॅमेरा वळवता येतो. पिल्लं झोंबायला लागली की जवळचा शॉट घेता येतो. एडिटला बसल्यावर एकाच कोनातल्या वीस क्लिपांतून प्रसंग उभा राहत नाही. आवाजाचंही तसंच. लांबच्या लेन्सने टिपलेल्या प्राण्यांची पावलं पुष्कळदा स्टुडिओतच वाजवलेली असतात. ती आम्हीही वाजवली, पण मागचा चंडोल आणि वारा त्याच सकाळचे, लपणातून ध्वनिमुद्रित केलेले.

नोकरी सांभाळून दोनच रविवार मिळणार असतील, तर ट्रॅप घ्या. मी नावं ठेवणार नाही. माझा ट्रॅप सध्या एका मित्राकडे आहे, परत मागायची घाई नाही. लपणाचं गोणपाट मात्र कुणाला देत नाही.