ऑलिंपस ८×४० डीपीएस-१ : किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी पहिली दुर्बीण म्हणून कशी आहे?

मार्चअखेरपासून एप्रिलभर अलिबागजवळच्या अक्षी-नागावच्या किनाऱ्यावर परतीला निघालेल्या पक्ष्यांना विणीचे रंग चढतात. हिवाळाभर राखाडी दिसणारी बाकचोच तुतारी (कर्ल्यू सँडपायपर) विटकरी होते, चिखल्यांच्या (प्लोव्हर) छातीवर तांबूस पट्टा उमटतो. हे टिपायला या दुर्बिणीचे ८ पट पुरेत का? (८×४० मधला पहिला आकडा पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिमीमध्ये.) साठ-सत्तर मीटरपर्यंत आरामात.

हिची खरी ताकद म्हणजे ८.२ अंशांचं दृश्यक्षेत्र, म्हणजे एका नजरेत दिसणारा रुंद भाग. थवा उठून वळला तरी नजरेतून सुटत नाही. १०×५० घेणारे इथेच फसतात. समुद्रावरच्या वाऱ्यात हात हलतो, दहा पटींत तो कंपही मोठा होतो आणि चोचीचं टोक वाकडं की सरळ, नेमकं तेच कळत नाही. वजन ७१० ग्रॅम आहे, त्यामुळे गळ्यातला पट्टा बदलून रुंद घ्या.

आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) कडी फिरवा. या कडीला बरेच जण हातच लावत नाहीत आणि डोकं दुखायला लागलं की दुर्बिणीला नावं ठेवतात. चष्मेवाल्यांची तक्रार मात्र रास्त आहे: आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसताना डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते अंतर) फक्त १२ मिमी, रबरी कड दुमडली तरी चित्राच्या कडा कापल्या जातात.

दुर्बीण जलरोधक नाही. चाकात वाळू गेली की करकर सुरू होते. काच रुमालाने पुसू नका, आधी ब्लोअरने वाळू उडवा, नाहीतर ओरखडे ठरलेले. कोकणातल्या पावसाळ्यात आत बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आपटली तर आतला प्रिझम (लोलक) सरकतो आणि एकाचे दोन पक्षी दिसतात.

ऐन ओहोटीला गेलात तर कुठल्याही दुर्बिणीतून ठिपकेच दिसतील. सकाळची भरती असेल तो दिवस निवडा, भरतीच्या दोन तास आधी पोचा आणि एका जागी बसून राहा. चढतं पाणीच पक्ष्यांना जवळ आणतं. सकाळी ऊनही पाठीशी असतं. नऊनंतर तापलेल्या वाळूवर हवा थरथरते, मग चोचीची लांबी वगैरे विसरा.

तिबेटन आणि सायबेरियन सँड प्लोव्हर हे जवळपास सारखे दिसणारे चिखले वेगळे ओळखायचा हट्ट असेल, तर तिकाटण्यावरचा २०-६० पटींचा स्कोपच (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) हवा.