कवटी पुरायची, उकळायची की पाण्यात कुजवायची?

बोकडाची किंवा म्हशीची कवटी भिंतीवर लावण्यासारखी करायची तर मांस सोडवायचे तीन रस्ते आपल्याकडे चालतात: मातीत पुरणं, उकळणं आणि पाण्यात कुजू देणं. कवटी तिन्हींनी निघते. पण ती कशी साधली हे त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात कळतं.

आधी एक गोष्ट. भंडारा-चंद्रपूरकडच्या जुन्या मालगुजारी वाड्यांत शिकारीची डोकी दिसतात, ती मालकीच्या दाखल्यावर टिकलेली असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातल्या जनावराची कवटी, शिंग, दात ही सरकारची मालमत्ता आहे, मग ते जनावर मेलेलं सापडलेलं का असेना. ताब्यात आलं तर 48 तासांत कळवावं लागतं. वावरात मेलेलं रानडुक्कर, रोही, चितळाचं गळलेलं शिंग, यातलं काहीच घरी आणायचं नाही. बैलाचं डोकं असेल तर 2015 पासूनची गोवंश हत्याबंदी लक्षात घेऊन नैसर्गिक मृत्यूचा पशुवैद्यकाचा दाखला जवळ असलेला बरा. आणि ढोर अचानक मेलं, नाकातोंडातून न गोठणारं रक्त आलं, तर फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाचा संशय घ्या. त्याला सुरी लावू नका, कवटी विसरा. पुढचं सगळं खाटकाकडून आणलेल्या बेरारी बोकडाचं डोकं किंवा लांब तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस समोर ठेवून लिहिलं आहे.

पुरण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फुकट आहे, वास नाही, मेहनत नाही. पण आपली काळी माती या कामाला वाईट. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि हाडात तपकिरी रंग मुरवते. तो रंग हाड पांढरं करणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडनेही पूर्ण जात नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बोकडाचे खालचे आठ समोरचे दात त्या भेगांत जातात. वर कुत्री उकरतात. जंगलालगत असाल तर साळिंदर आहेच, हाड कुरतडणं हा त्याचा धंदा. पुरायचंच असेल तर नायलॉनच्या जाळीत बांधून नदीच्या रेतीत पुरा, वर फरशी ठेवा, आणि सहा महिने ते वर्ष धरून चाला. रेतीतली कवटी मातीतल्यापेक्षा बरीच उजळ निघते. तरी मी याला पर्याय न म्हणता सोय म्हणेन.

खरा निवड करण्याचा प्रश्न उकळणं आणि पाणी यांच्यात आहे.

उकळण्याच्या बाजूने बोलायचं तर ते एका दिवसात होतं. कातडं, डोळे, जीभ आणि जमेल तेवढं मांस आधी सुरीने काढायचं. मेंदू मानेकडच्या भोकातून वाकवलेल्या तारेने ढवळून पाइपच्या पाण्याने धुवून काढायचा. मग मोठ्या गंजात पाणी आणि दर चार लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. पाणी खदखदू द्यायचं नाही. तळातून बारीक बुडबुडे येत राहतील एवढीच आच ठेवायची. दर अर्ध्या तासाने कवटी बाहेर काढून सुटलेलं मांस बोथट चाकूने आणि जुन्या टूथब्रशने ओढायचं. बोकडाला दोन-तीन तास पुरतात. सोडा जास्त झाला तर हाडाचा वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होतो. ‘अजून थोडा टाकू’ इथेच बरीच कामं बिघडतात.

अडचण अशी की आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या. त्यांचा जाळ भडकतो आणि बसतो, मधलं काही नाही. मंद आच पाहिजे असेल तर गॅस किंवा बाभळीचा निखारा. पाणी एकदा खळखळून उकळलं की नाकातली कागदासारखी पातळ हाडं विरघळल्यासारखी निघून येतात, दात तडकतात, आणि कोवळ्या बोकडाची कवटी सांध्यांवर उकलायला लागते. जून बोकड असेल तर एवढं होत नाही, हेही खरं.

यातलं बरंचसं काळजी घेऊन टाळता येतं. एक गोष्ट मात्र मला टाळता आली नाही, आणि माझं मत तिथेच ठरलं: चरबी.

उकळताना चरबी वितळते. थोडी पाण्यावर तरंगते, ती दिसते म्हणून समाधान वाटतं. उरलेली पातळ होऊन हाडाच्या बारीक छिद्रांत शिरते आणि गार झाल्यावर तिथेच थिजते. कवटी वाळते, पेरॉक्साइडमध्ये पांढरीशुभ्र होते, दिवाळीत लावलेली छान दिसते. मग एप्रिल उजाडतो. टिनाच्या छपराखालची भिंत तापते आणि जबड्याच्या कोनाजवळ, डोळ्याच्या खाचेमागे, मानेच्या सांध्यावर पिवळट, मेणचट डाग वर येतात. हात लावला तर बोट चिकटतं. मागच्या चुन्यावर तेलाचा गोल उमटतो, त्यावर धूळ बसते. पुन्हा पेरॉक्साइड लावलं तर डाग महिनाभर दबतो आणि परत येतो, कारण पेरॉक्साइड रंग घालवतं, चरबी घालवत नाही. थंड हवेच्या गावी कदाचित हे इतकं जाणवणार नाही. विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तिथे जाणवतंच.

पाण्यात कुजवलेल्या कवटीतही चरबी राहते, नाही असं नाही. पण ती हाडात शिजून बसलेली नसते, म्हणून साबणाच्या पाण्याला लवकर सोडते. निदान माझ्या हाताखालून गेलेल्या कवट्यांत तरी हा फरक ठळक आहे. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच: उकळलेलीला साबणाचं पाणी सात-आठ वेळा बदलूनही खात्री देता येत नाही, कुजवलेली तीन-चार वेळांत कोरडी होते.

पाण्याची पद्धत सोपी आणि किळसवाणी आहे. झाकणाचा 20 लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. म्हशीला 200 लिटरचा निळा ड्रम आडवा कापून घ्यावा लागतो. विहिरीचं किंवा पावसाचं पाणी घाला. नळाचं क्लोरीन घातलेलं पाणी असेल तर आधी एक दिवस उघडं ठेवा, कारण काम जंतूंनी करायचं आहे. मीठ, फिनाइल, साबण, काहीही टाकायचं नाही. कवटी पूर्ण बुडली पाहिजे. बाहेर राहिलेला भाग वाळतो आणि तिथलं मांस चामड्यासारखं चिकटतं. डब्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून वर झाकण सैल ठेवा, म्हणजे माशा आणि डास आत जात नाहीत आणि वायूही कोंडत नाही.

पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट असलं की काम पळतं. मार्च-एप्रिलमध्ये बोकडाचं डोकं साधारण 10 ते 15 दिवसांत मोकळं होतं, डिसेंबरात महिना-दीड महिना लागतो. मे महिन्यात डबा कडुनिंबाच्या अर्ध्या सावलीत हलवा. भर उन्हात पाणी फार तापलं तर जंतू मंदावतात आणि चरबी वितळून पुन्हा तोच घोळ. दर चार-पाच दिवसांनी वरचं अर्धं पाणी काढा, अर्धं ठेवा. नवखे लोक वासाने बेजार होऊन सगळं पाणी फेकतात, मग जंतूंची भरती पहिल्यापासून सुरू. ओतताना खाली चाळणी धरा. त्या मळीत दात असतात, आणि बोकडाचे 32 मोजून भरले पाहिजेत.

आता वास. तो सहन होईल असं सांगून कोणाला फसवत नाही. घराच्या अंगणात हे करू नका. डबा वावरात, धुऱ्यावर, वस्तीपासून आणि विहिरीपासून लांब ठेवा. उपसलेलं पाणी खड्ड्यात ओतून माती लोटा. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे पाहिजेत, आणि बोटाला चीर असेल तर त्या दिवशी हात लावू नका. शेजाऱ्यांशी संबंध जपायचे असतील आणि वावर लांब नसेल, तर उकळणं हाच पर्याय उरतो. या एका मुद्द्यावर उकळणं सरळ जिंकतं.

शिंगांचा मुद्दा मात्र पुन्हा पाण्याकडे झुकतो. बोकड आणि म्हैस दोघांच्याही शिंगाला बाहेर खोळ आणि आत हाडाचा खुंट असतो. पाण्यात शिंगांच्या बुडापर्यंत बुडवलं की आठवडाभरात मधला पडदा सडतो आणि खोळ हाताने पिळून निघते. उकळताना ती सैल व्हायला पूर्ण शिंग गरम करावं लागतं. त्यात खोळ मऊ पडते, वाळताना पापुद्रे सुटतात, नाहीतर लोक हातोडीने ठोकून बूड फोडतात. म्हशीच्या लांब शिंगांना हे फार महाग पडतं. खोळ निघाल्यावर डावी-उजवी खूण करा, आतून धुवा, सावलीत वाळवा. आतला खुंट साफ न करता तशीच बसवली तर पावसाळ्यात त्यातून किडे निघतील.

कुठल्याही पद्धतीने निघालेली कवटी लगेच पांढरी करायला घेऊ नका. भांडी घासण्याचा लिक्विड साबण कोमट पाण्यात घालून त्यात बुडवा. पाणी गढूळ झालं, वर तेलकट साय आली की बदला. बोकडाला दोन ते चार आठवडे लागतात. डुकराची कवटी कित्येक महिने खाते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने डुक्कर घेऊ नये. मग आठवडाभर सावलीत वाळवून पाहा. जिथे हाड अर्धपारदर्शक, काळपट-पिवळं दिसेल तिथे चरबी आहे, परत बुडवा.

पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइडच. मेडिकलमध्ये 20 व्हॉल्यूम म्हणून मिळतं ते साधारण 6 टक्क्यांचं असतं. तेवढंच पाणी मिसळलं की 3 टक्के होतं आणि बोकडाला ते पुरतं. भांडं प्लास्टिकचं, अरुंद. उरलेल्या जागेत पाण्याने भरलेल्या बंद बाटल्या ठेवल्या की द्रावण कमी लागतं. एक ते दोन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, प्राणवायू साठून डबा फुटतो. बाटली उन्हाळ्यात दुकानातच निकामी झालेली असू शकते. कापलेल्या बटाट्यावर दोन थेंब टाका. फेस आला नाही तर परत करा.

म्हशीची कवटी बुडवण्याएवढं द्रावण परवडत नाही. तिला 6 टक्क्यांच्या द्रावणात भिजवलेला मेडिकलचा कापूस थापून वरून प्लास्टिक गुंडाळा, कापूस वाळू देऊ नका. घरचा वेचलेला कापूस इथे चालत नाही, त्याला नैसर्गिक मेण असतं आणि तो पाणी धरत नाही. कापसाच्या मुलखात मेडिकलचा कापूस विकत घ्यावा लागतो, इलाज नाही. खोळी वेगळ्या काढलेल्याच असाव्यात, पेरॉक्साइड लागलं तर शिंगाचा काळा रंग उडतो.

ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकायला आलेली ब्लिचिंग पावडर यासाठी वापरू नका. पहिले आठ दिवस ती पेरॉक्साइडपेक्षाही पांढरं दाखवते, पण हाडातला चिवट भाग खाते, आणि धुतल्यानंतरही कवटी भुकटी सोडत राहते.

वाळवणं सावलीत, वाऱ्यावर. भर उन्हात दात उभे चिरतात. सुटे दात फेव्हिकॉलने बसवा. ते पुढे ओल्या कापडाने सोडवता येतात, एपॉक्सीने चिकटवलेले नाही. खोळींना मात्र एपॉक्सी लावा, म्हशीच्या शिंगाचं वजन फेव्हिकॉल पेलत नाही.

घाई आहे आणि उकळूनच करायचं ठरलं, तर कवटीमागे भिंतीवर वर्तमानपत्राची दुहेरी घडी लावा आणि वार्निश मारू नका. मे संपला की घडी काढून उजेडात धरा. तेलाचा गोल दिसला तर कवटी खाली उतरवून परत साबणाच्या पाण्यात, आणि वार्निश नसल्यामुळे ते पाणी हाडात शिरेल तरी.