गेम डिझाइनचा मायनर: दोन सत्रं, चार विषय आणि एक गेलेला प्रोजेक्ट

सबमिशनच्या आदल्या रात्री पावणेबाराला आमच्या ग्रुपमधल्या एकाने प्रोजेक्ट स्वतःच्या लॅपटॉपवर उघडला. त्याच्याकडे इंजिनची, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती होती. प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत बदलू का, असं इंजिनने विचारलं आणि हा ‘हो’ म्हणाला. लॅबच्या मशीनवर जुनी आवृत्ती आहे आणि तिथे आपल्याला काहीही इन्स्टॉल करता येत नाही. सकाळी प्रोजेक्ट तिथे उघडेचना. पेनड्राइव्हवरची प्रत अकरा दिवसांपूर्वीची निघाली. त्या अकरा दिवसांत आम्ही उडी नीट बसवली होती, आवाज घातले होते, शेवटची लेव्हल संपवली होती. सादरीकरणात आमचा नायक मुकाट्याने भिंतीतून आरपार जात होता आणि मी शेजारी उभी राहून ‘हे खरं तर झालेलं होतं’ असं चार वेळा म्हटलं.

मायनरचं हे परीक्षण लिहायला घेतलं ते त्या रागात. तेव्हा पाचपैकी दोनच तारे द्यायचे ठरवले होते.

माझं मेजर, म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र. मायनर, म्हणजे जोडविषय, हा घेतला कारण अठरा क्रेडिट तशीही कुठेतरी भरायचीच होती आणि याला जादा फी नव्हती. सहा विषयांपैकी चार झाले. कोणते विषय, किती तास हे माहितीपत्रकात आहे, ते इथे उतरवत बसत नाही. माहितीपत्रकात नाही ते एवढंच, की पहिले सहा आठवडे कॉम्प्युटरला हातही लावायचा नसतो. पुठ्ठा, कात्री, फासे, सोंगट्या. मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. एवढ्यासाठी विद्यापीठात यायचं?

पहिला गृहपाठ होता: सापशिडीचा एकच नियम बदला आणि खेळणाऱ्याला एक तरी निर्णय घ्यायला लावा. तोवर मला कधी सुचलंच नव्हतं की सापशिडीत खेळाडू काहीच ठरवत नाही. फासा पडतो आणि आपण सोंगटीचे हमाल. मी दोन फासे टाकून त्यातला एक निवडायचा असा नियम केला. बरे गुण मिळाले, आणि डोक्यात हवा गेली.

ती उतरली दुसऱ्या खेळात. दोघांची लढाई, दोन फाशांची बेरीज पाच किंवा जास्त आली की वार लागला. ३६ पैकी ३० शक्यता, म्हणजे सहात पाच वेळा यश. यापेक्षा उदार नियम कोण देणार? दोन्ही बाजू जिंकण्याची शक्यता समसमान आहे हे मी प्रोग्राम लिहून दहा हजार डाव खेळवून तपासलं होतं. मग प्लेटेस्ट आली, म्हणजे खेळ दुसऱ्यांना खेळायला देऊन नुसतं बघायचं. तिचा नियम एकच: ज्याने खेळ बनवला त्याने तोंड उघडायचं नाही. नियम समजावायचे नाहीत, ‘अहो, तसं नाही’ म्हणायचं नाही. समोरच्याने चूक खेळलं तर चूक खेळू द्यायचं.

खेळायला आलेल्या मुलाचे लागोपाठ दोन वार चुकले. याची शक्यता ३६ त एक, दोन्ही फाशांवर सहा पडण्याइतकीच. पडतात की कधी कधी! मला हे सांगायची एवढी घाई झाली होती की मी अक्षरशः जीभ चावून बसले होते. त्याने फासा उचलला, पालथा करून पाहिला, उजेडात धरला आणि म्हणाला, ‘दुसरा आहे का?’ निरीक्षणाच्या कागदावर मी लिहिलं, ‘खेळाडूला शक्यता कळत नाही.’ मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. ‘हे तुझं मत झालं. त्याने हाताने काय केलं ते लिही.’ मग लिहिलं: फासा पालथा करून पाहिला. दुसरा मागितला.

या दोन वाक्यांसाठी मी मायनरला एक अख्खा तारा देते.

पुढच्या तासाला कळलं की ही माझीच अडचण नाही. ‘सिव्हिलायझेशन’ हा कॉम्प्युटर गेम बनवणारा सिड मायर २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात यावरच बोलला होता: तिनास एक अशी बाजू भक्कम असताना लढाई हरली की खेळाडूंना ती फसवणूक वाटते. ‘फायर एम्ब्लेम’ या लढायांच्या गेमच्या मालिकेने तर सरळ थाप मारायचीच सोय केली. तिच्या २००२ च्या भागात आणि त्यानंतरच्या बऱ्याच भागांत वार लागतो की नाही हे ठरवायला एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी घेतली जाते. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसत असताना खरी शक्यता जवळपास ९८ असते, आणि १० टक्के दिसतात तेव्हा जेमतेम २. पटत नसेल तर वहीत मांडून बघा, दोन ओळींचं गणित आहे. माझ्या मेजरमध्ये याला खोटारडेपणा म्हणतील. इथे याला खेळाडूच्या मनातला आकडा आणि यंत्रातला आकडा जुळवणं म्हणतात.

मी थाप मारली नाही. वार चुकला की एक बिल्ला द्यायचा आणि तो वापरून पुढच्या बेरजेत एक मिळवता यायचा, एवढंच केलं. आता लोक फासा उजेडात धरेनात. पण बिल्ले साठवायला लागले आणि चुकलेल्या वारावर खूश व्हायला लागले! हे माझ्या दहा हजार डावांत कुठेच नव्हतं, कारण प्रोग्राम साठेबाजी करत नाही.

खेळ आणि संस्कृतीच्या पेपराबद्दल मात्र माझं मत मध्येच फिरलं. सुरुवातीला निव्वळ जांभया. हाइझिंगाचं खेळावरचं १९३८ चं पुस्तक, मग १९५८ मधली कायवाची खेळांची वर्गवारी: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. परीक्षेपुरतं पाठ केलं. मग मोनोपॉलीवर, म्हणजे जागा विकत घेऊन भाडं वसूल करायच्या त्या खेळावर, निबंध लिहायला लागला. लिझी मॅगी नावाच्या बाईने मोनोपॉली ज्यातून आली त्या ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट १९०४ साली घेतलं होतं. जमिनीची मक्तेदारी कशी इतरांना नागवते हे लोकांना कळावं, हा तिचा हेतू. १९३५ पासून पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली विकायला घेतली आणि कितीतरी वर्षं श्रेय त्यांना तो खेळ विकणाऱ्या चार्ल्स डॅरोच्या नावावर राहिलं. आणि लोकांनी त्या खेळातून काय घेतलं? समोरच्याला कंगाल करण्यात केवढी मजा असते, ते. बाईंना प्लेटेस्टच्या कोपऱ्यात तोंड मिटून बसवलं असतं तर त्यांनी कागदावर काय लिहिलं असतं, याचा मी अजून विचार करते.

इंजिनचा विषय यथातथाच. आणि इथे मी पुन्हा माझ्या दुखण्यावर येते. चार विषयांत, चौघांच्या ग्रुपमध्ये काम करायला लावून, प्रोजेक्टच्या प्रती कशा सांभाळायच्या यावर एकही तास नाही. अशा प्रती सांभाळणारं गिट नावाचं सॉफ्टवेअर २००५ सालापासून फुकट उपलब्ध आहे. आमच्या फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंचफायनल’ आणि ‘हाचघ्या’ अशा चार प्रती होत्या आणि ‘हाचघ्या’ सगळ्यात जुनी होती. दोघांनी एकाच वेळी एकच सीन उघडून बदलला की शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं, हे आम्हाला नवव्या आठवड्यात समजलं, तेही एक अख्खा पूल नाहीसा झाल्यावर. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘हे तुम्हाला येतं असं गृहीत धरलंय.’ कुणी धरलंय? आमच्या वर्गात चित्रकलेची मुलं होती, इतिहासाची होती. आणि येणाऱ्यांनाही चित्रांच्या, आवाजाच्या जड फायली गिटमध्ये कशा ठेवायच्या ते वेगळं शिकावं लागतं. पहिल्या आठवड्यात एक तास. जास्त मागत नाही.

क्रेडिटचंही सांगून ठेवते. संस्कृतीचा पेपर माझ्या मेजरच्या सक्तीच्या मानव्यविद्या कोट्यात आपोआप मोजला गेला, म्हणून तो मायनरमध्ये धरता येत नाही, असं निकाल लागल्यावर कळलं. एक विषय दोन ठिकाणी मोजत नाहीत. अर्ज केलाय, तीन खिडक्या झाल्या. नाव नोंदवतानाच लेखी विचारून घ्या.

पोर्टफोलिओसाठी येत असाल तर निराशा होईल. माझ्याकडे दाखवण्यासारखं म्हणजे एक पुठ्ठ्याचा खेळ आणि भिंतीतून जाणारा माणूस.

चार दिवसांनी भर: तारे साडेतीन केलेत. काल त्या ‘हो’वाल्या मित्राला लॅपटॉप घेऊन बसवलं. अकरा दिवसांपूर्वीच्या प्रतीची आणखी एक प्रत काढून दिली आणि उघड म्हटलं. बाकी काही बोलले नाही, कागद घेऊन शेजारी बसले. बिचाऱ्याला वाटलं आता भांडण होणार. इंजिनचा तो प्रश्न आला. ‘हो’ आधीच निवडलेलं होतं, आणि खालचा मजकूर तीन ओळींचा.

कागदावर आहे ते असं: खिडकी आली. एंटर दाबलं. मग वाचायला लागला.

उरलेले दोन विषय पुढच्या सत्रात आहेत. ग्रुप तोच ठेवलाय.