एचपी५ म्हणून विकलेले ४० बनावट रोल: माझे ३१,२५० गेले, तुमचे वाचवा

३१,२५० रुपये. ७६० ला एक असे कॅमेऱ्याच्या फिल्मचे ४० रोल, त्याचे ३०,४०० आणि वर थर्माकोलची पेटी, बर्फाची पाकिटं नि कुरिअर मिळून ८५०. खोक्यावर छापलेलं होतं इलफर्ड एचपी५ प्लस, १२०, म्हणजे इलफर्ड कंपनीची ४०० वेगाची कृष्णधवल फिल्म, १२० साइझमध्ये. आत एचपी५ नव्हतीच. आधी विकणाऱ्याला १०,००० यूपीआयने, 'माल तुमच्या नावावर बाजूला काढतो' म्हणून. पार्सलचा फोटो आल्यावर उरलेले २१,२५०. त्यानंतर बारा दिवस त्याचा नंबर चालू होता आणि उत्तरंही येत होती. निगेटिव्हचा फोटो पाठवला त्या संध्याकाळपासून बंद.

त्याने वापरलेली पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. बंद पडलेला स्टुडिओ, फ्रीजमधला साठा, 'अजून दोन पार्ट्या मागतायत'. मलाही ती माहीत होती. तरी घेतले, कारण रोल मिळत नव्हते. स्वस्त म्हणून घेतले असं कुणी म्हणू नये. अर्ध्या किमतीत देत असता तर मी फोन ठेवला असता. बाजारभावापेक्षा थोडासाच कमी भाव लावला होता, आणि नेमकं किती कमी लावायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

टंचाई खरी आहे, म्हणून तर हा धंदा चालतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल एकेकाळी ॲग्फा क्लिक कॅमेरावाल्या घराघरांत होता, तो कधीच संपला. कोडॅकची प्लस-एक्स २०११ मध्ये बंद झाली. फुजीची निओपान ४०० गेली. ॲक्रॉस २०१८ मध्ये थांबवली आणि २०१९ मध्ये ॲक्रॉस २ म्हणून परत आणली. २२० साइझ (१२० च्या दुप्पट लांबीची) मोठ्या कंपन्यांनी सोडूनच दिली. आज १२० मध्ये नेमाने कृष्णधवल फिल्म काढणारे कारखाने बोटांवर मोजावेत इतके: इंग्लंडात मॉबर्ली, अमेरिकेत रॉचेस्टर, चेकमध्ये ह्रादेत्स क्रालोवे आणि आणखी एखाद-दुसरा. त्यात १२० ला ३५ मिमीसारखी डबी नसते, फिल्म कागदासकट स्पूलवर (फिरकीवर) गुंडाळलेली असते. फिल्मइतकाच तिचा मागचा कागदही महत्त्वाचा, आणि तो बनवणारेही थोडेच. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या १२० रोलवर कागदावरचे आकडे निगेटिव्हवर उमटत होते, ते याच कागदामुळे.

चोराच्या दृष्टीने मात्र तो कागद फुकटचा माल आहे. लॅबमध्ये रोल धुतला की कागद आणि स्पूल टोपलीत जातात. ते गोळा करायचे. हवाई सर्वेक्षणाची जुनी फिल्म घ्यायची, ती रुंद रिळात येते. २४ सेंमी रुंद रिळातून ६१.५ मिमीच्या तीन पट्ट्या निघतात. रीळ ६० मीटरचं असेल तर प्रत्येक पट्टीचे साधारण ८५ सेंमीचे ७० तुकडे, म्हणजे एका रिळातून २१० रोल. ७६० च्या भावाने १,५९,६०० रुपये होतात. अंधारात बसून कापायचं, जुन्या कागदाला चिकटपट्टीने डकवायचं, गुंडाळायचं, खोक्यात भरायचं.

आता त्या क्षणाबद्दल. तो आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिला रोल यशिकामॅट १२४जी कॅमेऱ्यात भरताना मागच्या कागदाचं निमुळतं टोक हातात आलं. त्यावर आडवी घडी होती, टोकापासून सेंटिमीटरभर आत, सरळ आणि दाबून बसलेली. ही घडी पडते ती टोक रिकाम्या स्पूलच्या खाचेत घालून ताणल्यावर. कोऱ्या रोलला ती असूच शकत नाही, कारण त्याचं हे टोक कुठल्याही खाचेत गेलेलंच नसतं. म्हणजे तो कागद एकदा कॅमेऱ्यातून जाऊन आलेला होता. घडी मी पाहिली, अंगठ्याने सपाट केली आणि खाचेत घातली. पार्सल दाबलं गेलं असेल, बर्फाच्या पाकिटांच्या ओलाव्याने कागद मऊ पडला असेल, असं मनाला समजावलं. डोळ्यांसमोर पुरावा होता आणि मी तो स्वतःच्या हाताने सपाट केला.

आणि खूण तेवढीच नव्हती. रोल फॉइलच्या पाकिटात नव्हते, नुसते खोक्यात. 'संस्थेचं बल्क पॅकिंग' असं उत्तर मिळालं. असलं बल्क पॅकिंग नसतं. रोलभोवतीची छापील पट्टी गायब, तिच्या जागी कोरा पांढरा कागद डकवलेला. शेवटी 'एक्स्पोज्ड' लिहिलेली चिकटपट्टी असते, तिचा फाटका तुकडाच उरलेला. खोक्यांवर तीन वेगवेगळे बॅच क्रमांक, आणि विकताना 'एकच लॉट' म्हणून शपथ. फोटोत दाखवलेले दोन रोल मात्र फॉइलमध्ये होते. ते दोन खरे असणार, आणि तेच दोन तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत असणार.

चार रोल खर्ची पडले. एचसी-११० डेव्हलपर, बी मिश्रण, २० अंश, ५ मिनिटं, एचपी५ ला हाच वेळ लागतो. टाकीत दुसऱ्या रिळावर दुकानातून घेतलेला खरा एचपी५ होता, म्हणून 'तुमचा डेव्हलपर मेलेला असेल', 'मे महिन्यात पाणी तापतं' ही त्याची उत्तरं तिथल्या तिथे खोटी ठरतात. एकच टाकी, एकच पाणी. खरा रोल कडेच्या 'इलफर्ड एचपी५ प्लस' अक्षरांसकट नीट आला. याच्या चारही रोलवर कडेला एक अक्षर नाही. सावल्या रिकाम्या काच, उजेड दाट काळा. म्हणजे ४०० चा वेग (प्रकाशाची संवेदना) तिच्यात नव्हता आणि तेवढ्या मिनिटांत ती अति कडक धुतली गेली. लाल फिल्टरच्या फ्रेममध्ये झाडांची पानं जवळजवळ पांढरी आली. हवाई सर्वेक्षणाच्या फिल्मची लाल रंगाची संवेदना दृश्य प्रकाशापलीकडे ताणलेली असते, त्याचा हा परिणाम. फ्रेमचा आकडा बघायला मागे लाल खिडकी असलेल्या जुन्या कॅमेऱ्यात अशी फिल्म घातलीत तर खिडकीतूनच धूसर होईल.

प्रत्येक रोलची पहिली फ्रेम अर्धी कागदावर गेली होती. कागदावरचा बाण आणि फिल्मची सुरुवात यांतलं अंतर कारखान्यात ठरलेलं असतं. हाताने डकवताना ते चुकतं. यशिकामॅटसारखे बाणाच्या भरवशावर मोजणारे कॅमेरे मग पहिली फ्रेम कापतात. रोलायफ्लेक्स ऑटोमॅट फिल्मची जाडी चाचपून मोजायला सुरुवात करतो, म्हणून त्यात ही चूक झाकली जाईल. तो वापरणाऱ्यांनी 'माझ्याकडे तर बरोबर आलं' म्हणून निर्धास्त राहू नये.

त्यानंतर दोन रोल मी उजेडात उलगडले. फिल्म हाताने फाटेना. एचपी५ चा १२० रोल ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकवर असतो, कडेला नख मारून ओढला की फाटतो. ही पॉलिएस्टर, ताणली तरी फाटत नाही. धुतलेली पट्टी दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये (प्रकाश एकाच दिशेने गाळणाऱ्या फिल्टरमध्ये) धरली तर रंगांचे पट्टे दिसले, हेही पॉलिएस्टरचंच लक्षण. पण फोमाचे १२० रोल आणि रोलायचे काही रोल मुळातच पॉलिएस्टरवर येतात. तेव्हा नुसती फाटत नाही म्हणून बनावट ठरवू नका. खोक्यावर जे नाव आहे त्याच्याशी ताळा घ्या.

रोल हातात आले की पैसे पूर्ण देण्याआधी एक बळी द्या. चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) शेवटाकडून १५ सेंमी कापा आणि न वापरलेला तुकडाच धुवा. कडेची अक्षरं कारखान्यात प्रकाशाने उमटवलेली असतात, ती कोऱ्या तुकड्यावरही येतात. अक्षरं आली नाहीत तर माल परत. एका रोलचे ७६० रुपये खर्चून बाकीचे पैसे वाचले असते.

पुढचा भाग लिहितानाही हात थरथरतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. तक्रार ज्या ठाण्याकडे गेली तिथे पाच खेपा घातल्या. पहिल्या खेपेला प्रश्न: 'पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.' दुसऱ्या खेपेला: 'रोल आता कोण वापरतं, मोबाइल नाही का?' तिसऱ्या खेपेला फिल्म बनावट असल्याचा तज्ज्ञाचा दाखला मागितला. तो कोण देणार, हे सांगायला कुणी तयार नाही. निगेटिव्ह, खोकी, पावत्या टेबलावर मांडल्या, त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झाला. कुरिअर म्हणतं, पोलिसांचं पत्र आणा, मगच पाठवणाऱ्याचा पत्ता. पोलीस म्हणतात, गुन्हा नोंदल्याशिवाय पत्र नाही. आणि पत्ता नाही म्हणून गुन्हा नोंदत नाहीत. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक माझ्या मोबाइलवर दिसतोय, तक्रारीत लिहिलाय, तरीही 'आरोपी अज्ञात'.

माल मिळाला म्हणजे फसवणूक नाही, हे साफ चूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ उघडून बघा. त्याखालच्या उदाहरणांतच लिहिलंय की वस्तूवर नामांकित उत्पादकाची खोटी खूण करून ती विकणं म्हणजे फसवणूक. माझी तक्रार शब्दशः हीच. ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय, पोचपावती जपून ठेवलीय. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि बिल घ्या. बिल नाही म्हणाला की व्यवहार संपला. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून शेवटच्या खोक्यापर्यंत. मी फोटो काढले, व्हिडिओ काढला नाही, आणि ठाण्यात तेच तोंडावर मारलं.

लॅबवाल्यांना आणि घरी धुणाऱ्यांना कळकळीची विनंती: मागचा कागद आख्खा फेकू नका. मधोमध फाडा, खोक्यावर कात्री चालवा. तुमच्या टोपलीतला कागदच माझ्या कॅमेऱ्यात आला.

उरलेले ३४ रोल मी फोडलेले नाहीत, पुरावा म्हणून तसेच ठेवलेत. या मालाच्या खुणा अशा, आतल्या खुणा फोडलेल्या रोलमध्ये दिसलेल्या: कोरी पांढरी पट्टी, टोकाला घडी, आणि फिल्म कागदाला डकवलेली पिवळट मास्किंग टेपने, जी रंगारी वापरतात तीच. टेप एका बाजूला कात्रीने तिरकी कापलेली. कागदाच्या शेवटी आतल्या बाजूला पेन्सिलीने छोटा आकडा. उलगडलेल्या दोन्ही रोलमध्ये तो होता, १७ आणि ५२. अशा खुणांचे रोल तुमच्याकडे असतील तर कॅमेऱ्यात घालू नका, खोकं आणि पार्सलचं लेबल फेकू नका, आणि तुमच्या ठाण्यात वेगळी तक्रार द्या. एकाच खात्यावर दुसरी तक्रार आली, तर 'दिवाणी मामला' म्हणणं त्यांना तितकं सोपं जाणार नाही.