जत्रेच्या पोशाखांवर चाललेले शिलाई मशीन : दोरा तुटण्याविषयी काही महिन्यांचा अनुभव

मोटारीवर चालणारे हे घरगुती झिगझॅग मशीन मी गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, घेतले. कार्तिकापासून गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रा सुरू होतात, जत्रा म्हटली की नाटक आलेच, आणि त्या नाटकांचे अंगरखे, शेले आणि दरबारी पोशाख याच मशीनवर शिवले. टाके एकसारखे पडतात, मखमलीच्या जाड शिवणीवरही मोटार अडत नाही, आवाज बेताचा आहे. सविस्तर लिहायचे आहे ते दोरा तुटण्याविषयी, कारण नवे मशीन घेणाऱ्याला हा प्रश्न लवकरच पडतो आणि दुकानात बहुधा टेन्शनचे, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करण्याचे, चाक फिरवून दाखवण्यापलीकडे उत्तर मिळत नाही.

माझ्या मते टेन्शनला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी तुटलेल्या दोऱ्याचे टोक उजेडात धरून पाहावे. टोक पिंजून त्याचे तंतू सुटे झाले असतील, तर दोरा वाटेत कुठेतरी घासतो आहे असे समजावे. टोक कापल्यासारखे स्वच्छ असेल, तर त्याला एकदम ओढ बसली आहे किंवा एखादी धारदार कड लागली आहे. टाक्यात कायमचा बसण्यापूर्वी दोऱ्याचा प्रत्येक भाग सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा वर-खाली होतो, त्यामुळे नेढे लहान पडले किंवा त्याची कड खरखरीत असली, तर चांगला दोराही टिकत नाही.

म्हणून सुई कापडाप्रमाणे बदलावी. अस्तराला ७५/११ क्रमांकाची (आकडा मोठा तशी सुई जाड), मखमलीला ९०/१४ आणि खाली कॅनव्हास असेल तर १००/१६, हे प्रमाण मला लागू पडले. सुईची चपटी बाजू या मशीनवर मागे येते आणि सुई पूर्ण वर सारूनच स्क्रू आवळावा लागतो. जरीचे कापड आणि टिकल्या सुईची धार फार लवकर घालवतात. सुई कापडात शिरताना टक्‌टक्‌ असा आवाज येऊ लागला की ती काढून टाकलेली बरी.

दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचललेला असावा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही आणि कापडाखाली गुंता होऊन तुटतो. हे इतके साधे आहे, तरी मशीनसोबतच्या पुस्तिकेत ते ठळकपणे सांगितलेले नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

एक दोष मशीनचाच होता. निडल प्लेटच्या, म्हणजे सुई जिच्यातून खाली जाते त्या पत्र्याच्या, छिद्राची कड आतून खरखरीत होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, पण कापसाचा पातळ पेळू छिद्रातून फिरवला की त्याचे तंतू तिथे अडकत. प्लेट काढून बारीक पॉलिश पेपरची सुरळी छिद्रातून हलक्या हाताने फिरवली आणि भुकटी पुसून घेतली, तेव्हापासून टोक पिंजण्याचा त्रास थांबला. नव्या मशीनमध्ये इतकी सफाई कारखान्यातच व्हायला हवी होती. खालचा दोरा वरच्यात गुंफणाऱ्या शटलच्या टोकाला मात्र आपण हात लावू नये, ते काम मेकॅनिकचे.

जरीचा दोरा हे वेगळे प्रकरण आहे. चपट्या चकाकत्या पट्टीचा दोरा आडव्या खुंटीवरच्या रिळाच्या टोकावरून सुटला की प्रत्येक वेढ्यागणिक त्याला पीळ पडतो. सोबत मिळणारी उभी खुंटी लावून रीळ फिरू दिले, टेन्शन सैल केले, मोठ्या नेढ्याची सुई घातली आणि वेग कमी ठेवला, तर तो बराच टिकतो. तरीही ऐकत नसेल, तर जरीचा दोरा बॉबिनमध्ये भरावा, वर साधा पॉलिएस्टर दोरा ठेवावा आणि कापड उलटे करून शिवावे. शेल्याचे काठ मी असेच केले आणि नक्षी सुलट बाजूला स्वच्छ उठली.

पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा सुती दोऱ्याला बुरशी आणते आणि सुयांवर गंज चढवते. जुन्या रिळाचा दोरा हाताने ओढून पाहिल्याशिवाय मी मशीनवर चढवत नाही. मशीनवर प्लास्टिकऐवजी सुती आच्छादन घालते, म्हणजे आत ओल कोंडत नाही, आणि बॉबिनखालचा मखमलीचा भुगा प्रत्येक पोशाखानंतर ब्रशने काढते. एवढी काळजी घेण्याची तयारी असेल, तर जड पोशाखांसाठी हे मशीन मी खुशाल घ्या म्हणेन. रोज दिवसभर गिऱ्हाइकांचे शिवणाऱ्यांनी मात्र औद्योगिक मशीनच पाहावे.